कातडीचा कौल

लग्नाच्या खर्चाच्या यादीत अलीकडे एक नवी ओळ दिसायला लागली आहे. हॉल, केटरर, फोटोग्राफर, मेंदीवाली यांच्या खाली कुठेतरी नुसतंच 'भुवया' असं लिहिलेलं असतं आणि त्यापुढे चांगला पाच आकडी खर्च. माझ्या भाचीच्या यादीत ती ओळ पाहून मला वाटलं, एखादं शून्य जास्त पडलं असावं. थ्रेडिंगला काय लागतात? तर थ्रेडिंग नव्हतंच ते. मायक्रोब्लेडिंग होतं. एकापुढे एक ओळीत बसवलेल्या बारीक सुयांच्या पात्याने भुवईवर केसासारख्या रेघा ओढायच्या आणि त्यात रंग भरायचा. शिवाय जमलं तर ओठांवर लिप ब्लश, म्हणजे बारा महिने तेरा त्रिकाळ लिपस्टिक लावल्यासारखे ओठ.

"मावशी, रोज सकाळची दहा मिनिटं वाचतात गं," ती म्हणाली. हा मुद्दा मी हसण्यावारी नेला नाही. ठाण्याहून आठच्या लोकलला लोंबकळणाऱ्या मुलीला दहा मिनिटांची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळते. नटण्याविरुद्धही माझं काही म्हणणं नाही. माझी खोड वेगळी. जन्मभर डी. फार्मसीच्या मुलांना शिकवल्यामुळे कुठलीही सुंदर गोष्ट समोर आली की मी आधी विचारते, यात घातलंय काय, आणि ते अंगात कुठवर जातं?

तर कुठवर जातं तिथून सुरुवात करू. आपली वरची त्वचा सतत झडत असते आणि साधारण महिन्याभरात नवी होते. रंग तिथेच राहिला तर तोही तिच्याबरोबर झडून जाईल. म्हणून सुई त्याखालच्या थरात, अंतस्त्वचेत उतरवावी लागते. तिथे शरीराच्या पहारेकरी पेशी असतात. बाहेरचं काही आत आलं की त्या ते गिळतात. रंगाचे कण त्या गिळतात खऱ्या, पण पचवू शकत नाहीत. फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांच्या शेपटीवर गोंदवून दाखवलं की या पेशी मरतात, रंग मोकळा होतो, आणि नव्याने आलेल्या पेशी तोच रंग पुन्हा गिळतात. गोंदलेलं टिकतं ते असं. रंग जागच्या जागी असतो, त्याला धरून ठेवणाऱ्या पेशी मात्र बदलत राहतात.

हे सगळं गोंदणच आहे, पार्लरमध्ये त्याला काहीही म्हणोत. माझ्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं. जत्रेत बसलेल्या बाईने सुईने टोचून काजळी भरलेली. काजळी काळी कुळकुळीत, पण आजीचं गोंदण मला हिरवट-निळंच आठवतं. काळा कण कातडीत खोल बसला की त्याच्यावरून परत येणाऱ्या प्रकाशातला निळा भागच जास्त आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. हातावरच्या शिरा निळ्या दिसतात त्याचं कारणही जवळपास हेच. आजीला त्या निळ्याचं काही वाटत नव्हतं. मेल्यावर सोबत येतं ते एवढंच, असं ती म्हणायची, आणि तिला टचअपही कधी लागला नाही. पण भुवई निळी कुणाला हवी असते? म्हणून हल्लीच्या कामात सुई अंतस्त्वचेच्या अगदी वरच्या भागात ठेवतात. तिथे रंग खरा दिसतो, आणि तिथेच तो लवकर विटतोही. एक ते तीन वर्षं, असं साधारण सांगितलं जातं. उन्हात फिरणाऱ्यांचा आणि तेलकट त्वचेच्यांचा त्याआधीच. हात जरा जड पडला तर मात्र आजीच्या गोंदणासारखा निळसर रंग घेऊन वर्षानुवर्षं फिरावं लागतं. चांगली कारागीर आणि वाईट कारागीर यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या अंशात मोजायचं असतं.

आता घातलंय काय. तपकिरी भुवईच्या बऱ्याच रंगांत मुख्य माल असतो लोहाचं ऑक्साइड. तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू म्हणजे तेच. तांबडं, पिवळं आणि काळं अशी लोहाची तीन ऑक्साइडं वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून तपकिरीच्या छटा करतात. शुद्ध करून, बारीक दळून, निर्जंतुक करून. पण मूळ वस्तू ती. दुसरा मोठा गट कार्बनचा, म्हणजे काजळीच्या घरातला. आणि रंग उजळ करायला टायटॅनियम डायऑक्साइड, जे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं आणि सनस्क्रीनमध्येही.

गंमत अशी की हे सगळे एकदम विटत नाहीत. लोहाच्या मिश्रणातला पिवळा आणि काळा आधी उतरतो, तांबडा मागे राहतो, आणि दोन-तीन वर्षांनी भुवया नारिंगी दिसायला लागतात. कार्बनच्या मिश्रणात उलट. तिथे कार्बन ठाण मांडतो आणि भुवया राखाडी होतात. लोकलच्या बायकांच्या डब्यात समोरच्या बाकावर बसलेल्या बाईच्या भुवयांवरून हल्ली मी मनातल्या मनात सांगते, ही लोहाची, ही कार्बनची. भाचीला हे आवडत नाही.

"नाही आवडलं तर लेझरने काढता येतं," हे वाक्य मी इतक्या आत्मविश्वासाने उच्चारलेलं ऐकलं आहे की ते कुठल्या तरी माहितीपत्रकात छापलेलं असावं. लेझर काळी काजळी चांगली फोडतो. पण गेरूच्या जातीच्या रंगावर लेझर पडला तर तांबड्या फेरिक ऑक्साइडचं काळं फेरस ऑक्साइड होऊ शकतं. टायटॅनियमचं पांढरं करडं-निळं होऊ शकतं. म्हणजे ओठांवरचा नाजूक गुलाबी रंग काढायला जावं आणि ओठ काळे घेऊन यावं. त्वचारोगतज्ज्ञ म्हणूनच आधी एखाद्या कोपऱ्यात ठिपक्याएवढी चाचणी घेतात. आणि आधीच्या कारागिराने कुठला रंग वापरला होता हे विचारतात. तेव्हा आपल्याकडे सांगायला काही असावं लागतं. बाटलीवरचं नाव, बॅच नंबर, तारीख: मोबाइलवर एक फोटो काढून ठेवायला किती वेळ लागतो?

वर्गात १९४०चा औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा शिकवताना मी मुलांकडून सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या पाठ करून घ्यायची. जे शरीरावर चोळायचं, ओतायचं, शिंपडायचं, फवारायचं किंवा शरीरात घालायचं, स्वच्छतेसाठी, सुंदर दिसण्यासाठी, रूप बदलण्यासाठी. 'शरीरात घालायचं' या शब्दांशी आम्ही कुणी कधी थांबलो नाही. पावडर, क्रीम, लिपस्टिक, यांच्या उदाहरणांत तास संपायचा. आज त्या दोन शब्दांवर एक पूर्ण धंदा उभा आहे. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने कातडीत टोचण्यासाठी म्हणून एकाही रंगाला मंजुरी दिलेली नाही. त्याच प्रशासनाकडे २००३-०४च्या सुमारास एकाच कंपनीच्या पर्मनंट मेकअपच्या, म्हणजे अशा टोचून भरायच्या रंगांच्या, काही छटांबद्दल दीडशेच्या वर तक्रारी आल्या होत्या. सूज, फोड, भेगा, गाठी. काहींना खाणं-बोलणंही जड झालं होतं. युरोपीय संघाने जानेवारी २०२२पासून गोंदणाच्या आणि पर्मनंट मेकअपच्या शाईतल्या चार हजारांवर रसायनांवर निर्बंध घातले. एक निळं आणि एक हिरवं रंगद्रव्य वर्षभराने, जानेवारी २०२३मध्ये, त्यात धरलं गेलं. म्हणून रंग कुठला विचारताना 'इंपोर्टेड आहे' हे उत्तर पुरेसं नाही. कुठून आलाय आणि तिकडच्या कुठल्या नियमात बसतो, हे विचारावं. बाटलीवर घटकांची यादीच नसेल तर मुकाट्याने पर्स उचलावी.

पण माझ्या लेखी रंगापेक्षा मोठा प्रश्न कातडीचा. रीलमधल्या मुली बहुतेक गोऱ्या असतात, आणि त्वचेच्या प्रतवारीचा इतिहासही गोऱ्यांपासूनच सुरू होतो. थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ साली सोरायसिसच्या प्रकाशोपचाराची मात्रा ठरवण्यासाठी त्वचेचे प्रकार पाडले, ते गोऱ्या त्वचेचे. सावळी आणि काळी त्वचा त्यात मागाहून आली, पाचवा आणि सहावा प्रकार म्हणून. आपण मराठी माणसं साधारण चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतो. या त्वचेचा स्वभाव असा की तिला काहीही झालं, डास चावला, पुटकुळी फुटली, तव्याचा चटका बसला, तरी ती त्याची नोंद काळ्या डागाने करते. सुईचीही करते. घावाच्या आजूबाजूला मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं स्वतःचं काळं रंगद्रव्य, जमतं आणि रेघेभोवती सावली पडते. काही महिन्यांत ती बहुधा जाते. कधी रेंगाळते.

दुसरा स्वभाव गाठाळ वण धरण्याचा. हे तपासायला यंत्र लागत नाही. कान टोचलेल्या जागी गाठ आली होती का? सिझेरियनचा टाका जाड, दोरीसारखा राहिलाय का? डाव्या दंडावरचा बीसीजीचा वण फुगलेला आहे का? यातल्या एकालाही हो असेल तर चेहऱ्यावर पातं फिरवू देण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. अंगावर कोड असेल, किंवा घरात असेल आणि आपल्याला नुकता एखादा पांढरा ठिपका दिसू लागला असेल, तर आणखी जपायला हवं. कोड वाढतं असताना जिथे कातडीला इजा होते तिथे नवा डाग उमटू शकतो. सोरायसिसचंही तसंच. आणि त्याच वेळी हेही खरं की कोड वर्ष-दोन वर्षं स्थिरावलेलं असलं की डॉक्टरच ओठांवरच्या डागात सुईने रंग भरतात. तीच सुई, तोच रंग. वेळ चुकली की अपाय, साधली की उपाय.

तेलकट त्वचेवर त्या केसासारख्या रेघा फार दिवस रेघा राहत नाहीत, एकमेकींत मिसळतात आणि भुवईचा ठिपका होतो. मुंबई-कोकणातल्या घामट हवेत तर विचारायलाच नको. अशा त्वचेला यंत्राने बारीक ठिपके देऊन केलेली 'पावडर' पद्धत जास्त मानवते. रीलमध्ये ती तितकी देखणी दिसत नाही, म्हणून मागणी मात्र रेघांनाच.

ओठांचं थोडक्यात सांगते. ताप आला किंवा जागरण झालं की ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात ना, तो हर्पीसचा विषाणू मज्जातंतूंमध्ये दबा धरून असतो. ओठांवर सुया चालल्या की तो उठतो. ज्यांना असे फोड येतात त्यांना डॉक्टर आधीच विषाणूविरोधी गोळ्या देतात. न विचारता ओठांना हात लावणाऱ्या पार्लरमधून परत यावं. आणि ओठ काळे का झालेत हे आधी शोधावं. कधी ते सिगरेटने, कधी लिपस्टिकच्या किंवा टूथपेस्टच्या ॲलर्जीने, कधी सतत ओठ चाटण्याच्या सवयीने झालेले असतात. कारण तसंच ठेवून वर गुलाबी भरला तर दोन्ही रंग मिळून तिसराच होतो.

डोळ्यांच्या कडेला सुई घालण्याला माझा नकार आहे, आणि तो मी पुराव्यानिशी देते. पापण्यांच्या कडेला तेलग्रंथींची रांग असते. अश्रूंवर त्यांच्या तेलाची साय असते म्हणून डोळे कोरडे पडत नाहीत. आयलायनर गोंदवलेल्यांमध्ये या ग्रंथी कमी झालेल्या आणि डोळे कोरडे पडलेले संशोधकांना आढळले आहेत. शिवाय पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ. तिथे रंग पसरला की काजळ फिसकटल्यासारखं दिसतं आणि ते पुसता येत नाही. काजळाची डबी स्वस्त पडते.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते भुवया गेल्या कुठे याबद्दल. हा प्रश्न पार्लरमध्ये विचारला जात नाही, कारण तो तिथला नाही. माझ्या पिढीच्या अनेकींनी नव्वदच्या दशकात पेन्सिलच्या रेघेएवढ्या भुवया ठेवल्या. दर पंधरा दिवसांनी दोरा. पुन्हा पुन्हा उपटलेला केस शेवटी मुळातून थकतो आणि परत येत नाही. मग जाड भुवयांची फॅशन आली आणि आम्ही कपाळाला हात लावला. हे साधं कारण. पण भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होत गेला असेल, सोबत वजन वाढलं असेल, थकवा असेल, थंडी सोसत नसेल, तर तो थायरॉइड कमी पडल्याचा जुना, पाठ्यपुस्तकातला पुरावा आहे. रक्ताची टीएसएच चाचणी काही शे रुपयांत होते. गोळी सुरू झाल्यावर पुष्कळदा केस परत येतात, आणि तोवर त्यांच्यावर रेघा ओढल्या गेलेल्या असतात.

पाळी गेलेल्या बायकांमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. कपाळावरची केसांची रेघ हळूहळू मागे सरकते, आणि कित्येकींच्या भुवया त्याच्याही आधी जातात. ऑस्ट्रेलियातल्या स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ साली त्याचं वर्णन पहिल्यांदा केलं. या आजारात केसांची मुळं वणात बदलतात. एकदा गेली की परत नाहीत, पण लवकर ओळखलं तर पुढची राखता येतात. अशा बाईच्या भुवया कुणी सुरेख रंगवून दिल्या तर आजाराची पहिली खूणच झाकली जाते.

आणि महाराष्ट्रात राहून कुष्ठरोगाचा उल्लेख टाळता येत नाही. त्याच्या एका प्रकारात भुवया झडतात. एके काळी गावात एखाद्याच्या भुवया गेल्या एवढ्यावरून त्याच्या हातचं पाणी बंद व्हायचं. रोगजंतू औषधाने मेले, माणूस बरा झाला, तरी चेहरा सांगत राहायचा. म्हणून शल्यविशारद अशा रुग्णांच्या डोक्यावरची केसांसह कातडी भुवईच्या जागी लावत. बाबा आमट्यांचं आनंदवन आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो, पण बरा झालेला माणूस आरशात काय बघत असेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. भुवया म्हणजे नुसती हौस, असं म्हणणाऱ्याला मी हे सांगते.

तर भाचीला मी टीएसएच करायला लावली. रिपोर्ट अगदी नॉर्मल आला. तिने तो मला व्हॉट्सॲपवर विजयचिन्हासकट पाठवला.

मग माझ्या हातात उरली पंचांगाची बाजू. लग्न मार्गशीर्षात, आणि ही म्हणते आठवडाभर आधी करून घेते, म्हणजे ताज्या-ताज्या दिसतील. ताज्या भुवया कशा दिसतात हे रीलमध्ये नीट सांगत नाहीत. पहिले काही दिवस रंग भडक असतो, लहान मुलाने स्केचपेन फिरवल्यासारखा. मग खपल्या धरतात आणि तुकड्या-तुकड्यांनी सुटतात. अर्धी भुवई आहे, अर्धी नाही. दोनेक आठवड्यांनी वाटतं, पैसे बुडाले, रंग गेलाच. चार ते सहा आठवड्यांत वरची नवी त्वचा निवळते आणि खालचा रंग वर दिसायला लागतो. त्यानंतर, सहा-आठ आठवड्यांनी टचअप, आणि तिथे पुन्हा खपल्यांचं पहिलं पान. म्हणजे लग्नात नीट दिसायचं तर निदान तीन महिने आधी सुरुवात हवी.

आणि मध्ये हळद! खपली धरलेल्या जखमेवर मामी, काकू, आत्या, शेजारीण, सगळ्या आंब्याच्या पानाने वाटीतली हळद फासणार. ती हळद कुठली, तेल कुठलं, किती हातांतून आलेली. हळद जंतुनाशक असते हे मीही मान्य करते, पण लग्नघरच्या वाटीतली नव्हे. वर ती पिवळा रंग सोडते, आणि नव्या कातडीवर तो बसतो. घाम, वाफ, पोहणं, ऊन, मेकअप, सगळंच या काळात वर्ज्य. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात यातलं काय टाळणार होती ही?

माझ्या सांगण्यावरून ती किती ऐकली असती कोण जाणे. ऐकलं ते त्या मुलीचं, जिच्याकडे आम्ही दोघी चौकशीला गेलो. बाजारात अशी शिकवणी दोन-तीन दिवसांचीही मिळते. हिने किती दिवसांची घेतली होती ते मी विचारलं नाही, कारण तिने मला विचारायला वावच दिला नाही. तिनेच प्रश्न सुरू केले. मधुमेह? रक्त पातळ करण्याची गोळी? दिवस गेलेत का? केसांच्या डायने कधी खाज आली? काळ्या मेंदीने फोड? मुरुमांसाठी काय घेतेस? भाची म्हणाली, गोळी घेत होते, आयसोट्रेटिनॉइन, गेल्या महिन्यात बंद केली. मुलीने वही मिटली. "सहा महिन्यांनी या," म्हणाली. भाचीने लग्नाची पत्रिका पुढे केली. "ताई, त्वचा नाजूक झालेली असते, भरून यायला वेळ लावते. मी नाही करणार." हा सहा महिन्यांचा नियम जरा जास्तच सावध आहे असं आता काही त्वचारोगतज्ज्ञही म्हणतात. तरी समोर आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी कारागीर मला फार आवडली. मी तिला सुया दाखवायला सांगितल्या. एकेक, बंद पाकिटातल्या, निर्जंतुक केल्याची तारीख छापलेल्या. रंगाची छोटी वाटी प्रत्येकीसाठी नवी, उरलेला रंग फेकायचा. बाटलीत परत नाही. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही या तिन्हींचा रस्ता एका वाटीतून जाऊ शकतो, हे तिला ठाऊक होतं.

भूल देण्याच्या मलमाबद्दल मी विचारलं. त्यात लिडोकेन किती टक्के? अमेरिकेच्या त्याच अन्न आणि औषध प्रशासनाने मार्च २०२४मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या काही जहाल लिडोकेन मलमांबद्दल इशारा दिला. चार टक्क्यांच्या वरचं मलम भरपूर लावून, वर प्लॅस्टिक गुंडाळून तासभर ठेवलं तर औषध रक्तात जाऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात, झटके येऊ शकतात. तिच्या ट्यूबवर टक्केवारी होती. ज्या ट्यूबवर नसते, ती चेहऱ्याच्या जवळ येऊ देऊ नये.

हा धंदा नवा आहे असं आपण समजतो. लंडनचा प्रसिद्ध गोंदणारा जॉर्ज बर्चेट १९३०च्या दशकात बायकांचे गाल आणि ओठ गुलाबी करून देत असे. त्याने आठवणींत लिहून ठेवलंय की सौंदर्यगृहांमध्ये कित्येक बायकांना आपण गोंदवून घेतोय हे सांगितलंच जात नसे. त्वचेखाली वनस्पतींचे रंग सोडण्याचा उपचार, असं म्हणत. शब्द बदलले, पद्धत तीच राहिली. दक्षिण कोरियात याच्या नेमकं उलट टोक. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली गोंदणं ही वैद्यकीय क्रिया ठरवली, म्हणजे डॉक्टरशिवाय कुणी करणं गुन्हा. आणि त्याच देशात भुवया रंगवून घेण्याची लाट अशी की कारागीर वर्षानुवर्षं लपूनछपून काम करत राहिले. सप्टेंबर २०२५मध्ये तिथल्या संसदेने शेवटी त्यांना परवाना देणारा कायदा मंजूर केला. आपण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहोत, आणि मध्ये असताना बघायचं काम गिऱ्हाइकालाच करावं लागतं.

दोन बारीक गोष्टी. गोंदवल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही, आणि यात भुवयाही आल्या. दुसरी एमआरआयची. लोहाच्या रंगामुळे चुंबकात चटका बसतो असं बोललं जातं, क्वचित बसतोही. पर्मनंट मेकअप असलेल्या १,०३२ जणांच्या, २००२ साली छापून आलेल्या अमेरिकी पाहणीत १३५ जणांचा एमआरआय झाला होता आणि त्यातल्या दोघांना थोडा त्रास झाला. म्हणून तपासणी टाळू नये. तंत्रज्ञाला आधी सांगावं एवढंच.

ज्यांना हे खरोखर हवं असतं त्यांच्यापैकी एक माझी कॉलेजातली मैत्रीण. स्तनाचा कर्करोग. केमोथेरपीत डोक्यावरचे केस जाणार हे तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. भुवया जातील हे नाही. स्कार्फने डोकं झाकता येतं. भुवयांना स्कार्फ नाही. सुनेने रोज पेन्सिलने काढून द्यायला सुरुवात केली, पण औषधाने तिच्या स्वतःच्या बोटांना मुंग्या येत, आणि सून कामावर गेली की दुपारी घामाने पुसलेल्या भुवया पुन्हा काढणं तिला जमत नसे. या मधल्या काळात सुई लावायची सोय नव्हती. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना साधा जंतुसंसर्गही महागात पडतो. ज्यांना करायचंय त्यांनी केमोच्या आधी, कर्करोगतज्ज्ञाला विचारून, जखम भरण्याएवढे आठवडे हाताशी ठेवून करावं, किंवा सगळं आटोपल्यावर. तिने आटोपल्यावर केलं, डॉक्टरांकडून लेखी होकार घेऊन.

शस्त्रक्रियेनंतर नव्याने घडवलेल्या स्तनावर स्तनाग्राचा रंग भरणं हीसुद्धा याच सुईची करामत आहे, आणि पुनर्रचनेतला तो बहुधा शेवटचा टप्पा असतो. ते तिने नको म्हटलं. "तिकडे कोण बघतंय? भुवया चारचौघांत लागतात," हे तिचं उत्तर.

भुवया काढायला बसलेल्या मुलीने मोजपट्टी लावून, नाकाच्या रेषेत दोरा धरून दोन्ही बाजू अगदी सारख्या आखल्या होत्या. मैत्रिणीने आरसा घेतला, बराच वेळ बघितलं आणि डावी खोडायला लावली. लग्नातला फोटो मोबाइलवर काढून दाखवला. डावी भुवई उजवीपेक्षा वर, कायम शंका काढत असल्यासारखी. वर्गात प्राध्यापक तिलाच आधी उभं करायचे ते त्या भुवईमुळे. मुलगी म्हणाली, काकू, सारख्या चांगल्या दिसतील. "दिसतील गं, पण घरी मला कोणी ओळखलं पाहिजे ना," ती म्हणाली. मग तिरकीच काढली.